मयत साळुबाई हजर

१

साळुबाई मेल्याची बातमी साळुबाईला रेशनच्या दुकानात समजली.

दोन महिने सुरतेला भाचीकडे राहून, मोतीबिंदूचं ऑपरेशन करून म्हातारी आदल्या संध्याकाळीच एसटीनं गावात उतरली होती. सकाळी पिशवी घेऊन रांगेत उभी राहिली. दुकानदारानं मशीनवर नंबर टाकला, पुन्हा टाकला आणि तोंडाचा आ करून तिच्याकडे बघत बसला.

"आजी, तुमचं नाव कमी झालंय. तुमी मयत हाय."

"कोन म्हनतं?"

"सरकार म्हनतंय."

"मग म्हनावं सरकारला, ये हितं आन् बघ माज्याकडं!"

मंचरहून अवसरी बुद्रुककडे जाताना डाव्या अंगाला खडकमाळ लागतं. गाव लहान, पण तोंडं मोठी. दुपारपर्यंत ग्रामपंचायतीत सगळा उलगडा झाला, म्हणजे गावाला वाटलं की झाला. साळुबाईच्या मृत्यूची खबर गावच्या सार्वजनिक वाचनालयातल्या कॉम्प्युटरवरून भरलेली होती, आणि तीही ग्रंथपाल मोहिनीच्या नावावर. ग्रामसेवकानं भावकीतल्या वडीलधाऱ्याला विचारून दाखला काढला होता. संपलं!

या वाचनालयात लोक कादंबऱ्या न्यायला कमी आणि सरकारदरबारची वाट विचारायला जास्त यायचे. कुठली योजना, कुठलं ऑफिस, कुठला अर्ज, हे मोहिनी वर्तमानपत्राच्या टेबलाशी बसून दोन वर्षं सांगत आली होती. घोडेगावला तहसिलीत हेलपाटे घालणाऱ्यांचे पाय तिनं वाचवले होते. आता त्याला रीतसर 'माहिती कक्ष' असं नाव मिळालं होतं, वेगळी खोली झाली होती, सत्यनारायण घालून उद्घाटनही झालं होतं. आणि ज्यांचे पाय वाचले तेच आज वाचनालयाच्या दारात उभे राहून ओरडत होते.

"हाकला हिला!"

"कुनाकडून खाल्लं ते इचारा आधी!"

वाचनालयाचे अध्यक्ष भगवंततात्या पायरीवर उभे होते. पांढरी टोपी, कपाळाला बुक्का, आवाज एकदम शांत. "शुक्रवारी कमिटी बसंल. तवर कुलूप. आन् शुक्रवारी पोरीला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं."

"चौकशी न करताच?" गर्दीतून एक बाई बोलली.

ती चेतना. बाजारपेठेतल्या चंपालाल शेठच्या किराणा दुकानाची सून आणि वाचनालयाची चिटणीस. चिटणीस कशी झाली, तर त्या खुर्चीत कुणालाच बसायचं नव्हतं म्हणून. जिभेला धार, डोक्यात राख, आणि अर्धवट काम बघितलं की तिचं पित्त खवळायचं.

तात्या हसले. "मंग तुमीच करा की चौकशी, वहिनी. तेवढंच दुकानातनं बाहेर पडाल."

सगळी गर्दी खो खो हसली. चेतनाला अस्सा संताप आला की तिनं तिथल्या तिथं "करतेच!" म्हणून टाकलं.

२

मोहिनी घरी चुलीपुढे बसली होती. चूल पेटलेली नव्हती. नवरा गेल्यावर लहान लेकीला घेऊन ती माहेरच्या या एका खोलीत राहत होती, आणि दोघींचं सगळं त्या वाचनालयाच्या नोकरीवर चालायचं. एकदा पोलिसांत नाव गेलं की तिला शाळेत झाडू मारायलासुद्धा कुणी ठेवणार नव्हतं.

"रडू नको," चेतना म्हणाली. "रडून मला काही कळत नाही. ती खबर कॉम्प्युटरवर कधी भरली माहितीये? ग्रामसेवकाकडून तारीख काढून आणलीये मी. कक्षाच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, दुपारी."

मोहिनीनं डोळे पुसले. "त्या दुपारी मी गावातच नव्हते, ताई. तात्यांनी मला मंचरला धाडलं होतं. केळीचे खांब, पानं, प्रसादाचा रवा आणायला."

"आणि कॉम्प्युटर?"

"चालूच होता. माझ्या नावानं उघडलेला. तात्या म्हणाले, राहू दे, मी बसतो."

"हे काल गर्दीत का नाही बोललीस?"

"तात्यांवर घ्यायचं? कोण ऐकेल? गेल्या दसऱ्याला त्यांच्या चुलत भावकीत पुण्याला कुणी वारलं होतं, तर सुतक म्हणून त्यांनी वाचनालयाचा उंबरा ओलांडला नाही. पुस्तकांची पूजा मला करायला लावली, आणि स्वतः रस्त्यावरून हात जोडले. एवढा सोवळ्याचा माणूस! तो मला चोर म्हणाला की मी चोरच."

चेतनाला पटलं. गाव तसंच होतं. "बरं, सुरतेला जायच्या आधी साळुबाई तुझ्याकडे सारख्या यायच्या. कशासाठी?"

मोहिनीनं थंड चुलीतली राख उकरायला घेतली.

"मोहिनी!"

"नाही सांगता यायचं, ताई. कोण काय विचारून गेलं ते मी दुसऱ्याला सांगत नाही. सांगितलं असतं तर माझ्याकडे कुणी आलंच नसतं."

"अगं, तुला जेलात घालायला निघालेत लोक!"

"तरी नाही."

"मग बस अशीच!" चेतना तडकून उठली आणि चपला पायात सरकवताना तिच्या मनात पहिल्यांदाच पाल चुकचुकली. ही पोर नक्की कुणाला झाकतेय?

३

गावानं दुसरं नाव केव्हाच ठरवून ठेवलं होतं. सुदर्शन. साळुबाईच्या नवऱ्याचा सख्खा पुतण्या. म्हातारीला मूलबाळ नाही, तिच्यामागं रान यालाच जाणार. त्यात बांधावरून दोघांचं तोंड पाच वर्षं बंद. मोहिनीला हाताशी धरून यानंच काकीला कागदावर मारली, असं पारावर उघड बोललं जात होतं.

चेतना निघाली तेव्हा गल्ल्यावरून चंपालाल शेठनी हाक मारली. "सूनबाई, कुळंबी भावकीचा मामला आहे. आपण राजस्थानातून तीन पिढ्यांपूर्वी आलो तरी यांना अजून पावणेच. उद्या गिऱ्हाईक पायरी चढणार नाही."

"बाबूजी, पायरी माझीपण आहे," ती म्हणाली आणि चालू पडली.

सुदर्शन कांद्याच्या बराखीत सडका माल निवडत होता. साठवणीच्या त्या लांबट छपरात वासानं डोळे चुरचुरत होते. त्याच्या डोक्याचे केस बोटभरसुद्धा नव्हते, भादरून पंधरवडा-तीन आठवडे झालेले दिसत होते. चेतनाला बघून त्यानं हातातला सडका कांदा तिच्या पायाशीच आपटला.

"आल्या का? या! समदं गाव येऊन गेलं थुकायला, तुमीच राहिल्या व्हत्या."

"थुंकायला नाही, विचारायला आलेय. काकी गेल्या असं तुला कुणी सांगितलं?"

"तात्यांनी! दुसऱ्या कुनी? सत्यनारायण झाला, तिथनं दोन दिसांनी घरी आलं. म्हनले, सुरतंहून फोन व्हता, तुजी काकी गेली, तिकडंच अग्नी दिला. भाचीचा नंबर तात्यांकडंच. मी कुनाला इचारू?"

"मग?"

"मंग काय! भांडान असलं तरी काकी व्हती माजी." "डोस्कं भादरलं, नदीवर दहावा केला. कावळा शिवंना. उन्हात दुपारपतुर बसलो हात जोडून, काकी, बांध सोडतो म्हनलं, समदं सोडतो म्हनलं, पर शिव! मेव्हन्याचं लगीन व्हतं बेल्ह्याला, सुतकात गेलो न्हाई, बायको आजून बोलत न्हाई माज्याशी. आन् आता लोक म्हनत्यात, नाटक केलं!"

"सत्यनारायणाला तू होतास ना?"

"व्हतो की. परसाद वाटत व्हतो. तवा कुठं काय म्हाईत व्हतं?"

चेतना त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. खरं रडणं आणि खोटं रडणं तिला दुकानात रोज बघायला मिळायचं, तरी याचं काही ठरेना.

"वहिनी," तो मागून ओरडला, "तात्यांला इचारा! समोरासमोर इचारा!"

४

तात्या त्यांच्या नव्या पोल्ट्रीच्या शेडपाशी खाट टाकून बसले होते. शेडमधून कोंबड्यांचा कलकलाट. सून श्रेया चहा ठेवून खाली मान घालून निघून गेली. चेतनानं चहाला हात लावला नाही.

"तात्या, खबर भरली उद्घाटनाच्या आदल्या दुपारी. मोहिनी तेव्हा मंचरला, तुम्हीच धाडलेली. कॉम्प्युटरपाशी तुम्ही."

तात्यांच्या हातातली बशी थबकली. "तारीख कुनी सांगितली?"

"कॉम्प्युटरनं. तो ठेवतो जपून."

तात्यांना हे ठाऊक नसावं. त्यांनी बशी खाली ठेवली, टोपी काढली, पुन्हा घातली. मग एकदम आवाज खाली आला.

"वहिनी, मी तोंड उघडनार नव्हतो. भावकीची आब्रू हाय. पर आता तुमी खोदताच हाय तर ऐका. त्या दुपारी सुदर्शन आला. ढसाढसा रडत. म्हनला, तात्या, काकी गेली सुरतंला. मी कॉम्प्युटरवर बसू दिला त्याला, त्यानंच भरलं समदं. पोरगी बी सामील असंल त्याला, कसं भरायचं ते तिनंच शिकिवलं असंल. ग्रामसेवकाला मी सांगितलं, कारन मला खरं वाटलं. मी पुतन्यावर इस्वास ठिवला, एवढाच माजा गुन्हा."

"तो तर म्हणतो तुम्ही सांगितलं. पूजेनंतर दोन दिवसांनी."

"मंग त्यो खोटं बोलतो!" तात्या खाटेवरून उठले आणि शांतपणा पार उडाला. "आन् तुमी कोन मला इचारनाऱ्या? किराना इका, किराना! आमच्या भावकीत नाक खुपसू नका, न्हाईतर दुकान हाय तुमचं हितं, ध्यानात ठिवा."

चेतना तरातरा घरी आली. भीतीनं थोडी आणि रागानं जास्त. दोघांतला एक सरळसरळ खोटं बोलत होता. सुदर्शनकडे रान मिळायचं कारण होतं. तात्यांकडे कुठलंच नव्हतं. उद्या शुक्रवार, आणि सगळं बोट मोहिनी आणि सुदर्शनकडेच.

५

शुक्रवारी सकाळी साळुबाई दुकानात आली. गूळ पाहिजे होता. सरकारनं मारलेल्या बाईला गूळ द्यायचा की नाही, अशी कुणीतरी मागून टिंगल केली, त्यावर म्हातारीनं त्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला.

"बसा काकी," चेतनानं पाट दिला.

"बसते. माज्याजवळ कोन बसतंय? पोरं पळत्यात मला बघून, भूत म्हनत्यात." म्हातारी गूळ तोडत बोलत राहिली. तिला राग होता, आणि रागाच्या पोटात एक हौसही होती. "माजा दहावा केला म्हनं त्या मुडद्यानं! कावळा शिवला न्हाई म्हनं. कसा शिवंल? मी सुरतंला बसून जिलबी खात व्हते! बरं, जेवाय कोन कोन व्हतं? भावकीनं सुतक तरी धरलं का? का तेबी न्हाई? सुतकात कुनी देवाला हात बित लावला आसंल ना, तर मी एकेकाच्या दारात जाऊन..."

चेतनाच्या हातातलं माप तसंच राहिलं.

"काकी, थांबा. तात्या तुमच्या भावकीतलेच ना? सुतक लागतं त्यांना तुमचं?"

"म्हंजी! माज्या नवऱ्याचा चुलतभाऊ त्यो. दहा दिस लागतंय. चांगला दसऱ्याला त्या पुन्यातल्या लांबच्या मान्साचं धरून बसला व्हता, माजं धरायला नको?"

चेतनानं माप गोणीवर ठेवलं. तिच्या जैन घरातही सुतक असतं. सुतकात देरासरात, मंदिरात, जायचं नाही, पूजा करायची नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. आणि तरीही चार दिवस ते तिच्या नाकासमोर लोंबत होतं, दिसलं नव्हतं!

"आता एकच सांगा काकी. मोहिनीकडे तुम्ही सारख्या का जायच्या? ती सांगत नाही."

"न्हाई सांगत? गुनाची ग पोर." साळुबाईनं इकडेतिकडे बघितलं आणि पुढं वाकली. "मोजनी मागितली व्हती मी. सरकारी. तात्याची ती कोंबड्यांची शेड हाय ना, निम्मी माज्या रानात हाय. कुठं आर्ज करायचा, काय जोडायचं, समदं पोरीनं शोधून दिलं. मोजनीदार यायची तारीख बी लागली व्हती. मी आले तर म्हनत्यात, अर्जदार मयत, परकरन बंद!"

६

कमिटी वाचनालयाच्या मोठ्या खोलीत बसली. दारात, खिडकीत, पायरीवर माणसंच माणसं. मोहिनी एका कोपऱ्यात उभी, तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. सुदर्शन भिंतीला टेकून, आणि त्याच्यापासून सगळे हातभर लांब. तात्यांच्या पुढ्यात पोलिसांत द्यायची तक्रार तयार होती. चंपालाल शेठ मागच्या रांगेत, घामाघूम.

"लवकर आवरा, वहिनी," तात्या म्हणाले. "काय निघालं चौकशीत?"

"सांगते. तात्या, काल तुम्ही मला जे सांगितलंत ते गावासमोर सांगता का? तुम्हाला काकी गेल्याचं कधी कळलं?"

तात्या उठले. त्यांनी सुदर्शनवर बोट रोखलं. "सांगतो. ह्या पोरानं सांगितलं, उद्घाटनाच्या आदल्या दिशी दुपारी. हितं येऊन रडला, आन् त्यानंच हितं बसून भरलं."

"खोटं!" सुदर्शन पुढं झेपावला, दोघांनी त्याला धरला.

"थांब रे," चेतना म्हणाली. "तात्या, आदल्या दुपारी कळलं. नक्की?"

"नक्की. सांगितलं की येकदा."

"तुमचा विश्वास बसला?"

"बसला म्हनून तर ग्रामसेवकाला बोललो."

"मग दुसऱ्या दिवशी सकाळी याच खोलीत सत्यनारायणाला कोण बसलं होतं?"

खोलीत कुजबुज झाली आणि थांबली.

"तुम्ही आणि काकू बसला होतात. उपरणं खांद्यावर घेऊन, पाटावर. सगळ्या गावानं प्रसाद खाल्ला, मीही खाल्ला. सख्ख्या चुलतभावाची बायको आदल्या दिवशी गेली असं ज्याला वाटतं, तो भावकीतला माणूस सुतकात सत्यनारायणाला बसतो? तुमच्यात बसतात का हो?" ती गर्दीकडे वळली. "सांगा ना! मला भावकीतलं कळत नाही म्हणता, तर तुम्हीच सांगा."

खिडकीतून कोंडाबाई नावाच्या एका म्हातारीचा आवाज आला. "न्हाई बसत. कोनबी बसत न्हाई."

"घाईत इसरलो आसंल," तात्या म्हणाले.

"विसरलात? तुम्ही? दसऱ्याला पुण्यातल्या लांबच्या भाऊबंदाचं सुतक म्हणून या उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाहीत! रस्त्यावरून हात जोडलेत! आणि काकींचं विसरलात? नाही तात्या. सुतक तुम्ही त्या दिवशी धरलं नाहीत, कारण काकी जिवंत आहेत हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. खोटी खबर भरायला तुमचा हात धजावला, पण देवापुढे बसायचा मान तुम्हाला सोडवला नाही. त्यात तुम्हाला दोष दिसलाच नाही, कारण तुमच्या लेखी घरात कुणी मेलंच नव्हतं!"

तात्यांनी टोपी काढून पुढ्यातल्या तक्रारीवर ठेवली.

"सुदर्शनलाही सत्यनारायणाला बघितलं मी. प्रसाद वाटत होता. पण तो आदल्या दिवशी कळलं असं म्हणतच नाही. दोन दिवसांनी कळलं म्हणतो, आणि त्याचं डोकं, त्याचा दहावा, त्याचं चुकलेलं लग्न, सगळं तिथूनच मोजून बरोबर येतं. तुम्ही स्वतःही सुतक धरलंत ते तिथूनच, सगळ्यांना दाखवून. तुमचा बेत तसाच होता. खबर पूजेनंतर आली म्हणायचं. पण कॉम्प्युटर तारीख ठेवतो हे तुम्हाला माहीत नव्हतं. मी काल ती सांगितली आणि घाबरून तुम्ही मरण तीन दिवस मागे ओढलंत. पूजा मध्ये येते हे ध्यानातच आलं नाही."

"पर तात्यांनी का म्हनून करावं?" कमिटीतले सावळेराम कसेबसे म्हणाले. "त्यांला काय मिळनार?"

"त्ये मी सांगते!" साळुबाई गर्दी कापत आत आली. "त्याची शेड माज्या रानात हाय. मोजनी लागली व्हती. मी मेले म्हनून मोजनी मेली!"

तात्या खाली बसले. सोवळ्या तोंडावरचं सगळं पाणी उतरलं होतं. मग ते पुटपुटले, "म्हातारी परत येत न्हाई म्हनली व्हती. तिकडंच ऱ्हाते म्हनली व्हती. कागदावर लिवल्यानं काय कुनी मरतं का?"

"मी मेले असते की," मोहिनी कोपऱ्यातून म्हणाली. चार दिवसांत ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली, आणि बोलली ती ओरडूनच. "मला जेलात धाडणार होतात! माझी पोर कुठं गेली असती, तात्या?"

७

यानंतर गावानं काय करावं? माफी मागावी? छे! सावळेराम घसा खाकरून म्हणाले, "झालं गेलं. जानता मानूस हाय, चुकला. भावकीतच मिटवू. मोहिनी, तू उद्यापास्नं ये कामाला."

माना डोलल्या. कुणी टोपी झटकली, कुणी चपला शोधू लागलं. चेतनाचं डोकं फिरलं.

"भावकीत मिटवायचं? चार दिवसांपूर्वी या पोरीला पोलिसांत द्यायला सगळे निघाला होतात, तेव्हा मिटवायचं का नाही सुचलं? तिला भावकी नाही म्हणून?"

"वहिनी, तुमचं काम झालं. आता आमचं आमी बघतो. जड जाईल तुमाला."

हे कुणी म्हटलं ते कळलं नाही, पण ते सगळ्यांचंच होतं. चेतनानं मागं बघितलं. चंपालाल शेठ उठले होते, दाराकडे निघाले होते. सासऱ्यानं पाठ फिरवली तर तिच्या शब्दाला या गावात कवडीची किंमत उरणार नव्हती.

साळुबाईनं मोहिनीचं मनगट धरलं. "चल गं. मला मारली त्यात मिटवाय काय हाय? चालत जाऊ मंचरला."

"मी बी येतो," सुदर्शन म्हणाला. म्हातारीनं त्याच्याकडे, त्याच्या खुरट्या डोक्याकडे बघितलं, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. "ये. पर लांबनं चाल."

बाहेर आल्या तर चंपालाल शेठ दुकानाच्या टेम्पोचं फाळकं खाली पाडत होते. "उन्हात कशाला चालताय? बसा. सूनबाई, तू पुढं बस."

"बाबूजी, गिऱ्हाईक..."

"नाही येणार काही दिवस. काय करणार?" ते चिडूनच म्हणाले आणि गाडी चालू केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. कुणी बाजूला सरलं नाही, हॉर्न वाजवत वाट काढावी लागली. मागून एक दगड येऊन फाळक्यावर आपटला.

मंचरच्या ठाण्यात हवालदारानं आधी म्हातारीला बसवलं, मग चेतनाला, मग रजिस्टर ओढून पेन काढलं. मोहिनी अजून दारातच उभी होती, पदर आवळून.

"आन् तुमी कोन? ह्यांच्या कोन लागता?"

चेतना उत्तर द्यायला वळली, पण मोहिनी आत आली होती. तिनं भिंतीकडची खुर्ची ओढली, टेबलाला भिडवली आणि बसली.

"लिहा," ती म्हणाली. "मोहिनी. ग्रंथपाल, सार्वजनिक वाचनालय, खडकमाळ."